सत्तावीस डॉलरच्या कण्या

मैत्रिणींनो, आईला हॉटेलात जेवायला नेणं म्हणजे काय दिव्य असतं, हे तुम्हांला मी निराळं सांगायला नको. माझ्या आईनं उभ्या जन्मात हॉटेलातलं पाणीसुद्धा नावं न ठेवता प्यायलेलं नाही. आमटीत पाणी फार, भाजीत तेल फार, पोळीला पदर नाही, आणि बिल बघितलं की, "एवढ्यात मी चाळीस पानं उठवली असती!"

हे चाळीस पानांचं तिचं बोलणं नुसतं बोलणं नव्हे, बरं का. तिनं खरंच रोज चाळीस पानं उठवलेली आहेत. पण ती हकीकत पुढे येईल. आधी अमेरिकेची सांगते.

माझा धाकटा भाऊ न्यू जर्सीत असतो. २०२५ च्या मे महिन्यात शाळेला सुट्टी लागली, तशी मी आईला घेऊन त्याच्याकडे गेले. मी कराडला एका शाळेत तासिका तत्त्वावर मराठी आणि इतिहास शिकवते. तासिका तत्त्व म्हणजे सुट्टीचा पगार नाही, त्यामुळे सुट्टी घ्यायला कुणाची परवानगीही नाही! यजमान म्हणाले, "जा, आईंना एकटीला विमानात पाठवायचं म्हणजे मलाच काळजी." मुलांना सासूबाईंच्या हवाली केलं आणि निघाले.

भावाचं गाव म्हणजे न्यू यॉर्कचं उपनगर. उपनगर म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर आपली डोंबिवली आली होती. इथं सगळंच उलटं! प्रत्येक घर सुटं, पुढे हिरवळ, मागे झाडं आणि रस्त्यावर माणूस म्हणून दिसेल तर शपथ. दुसऱ्या महायुद्धानंतर लढाईवरून परतलेल्या सैनिकांच्या संसारासाठी न्यू यॉर्कच्या आसपास अशी घरांची गावं वसली. १९४७ साली बांधायला घेतलेलं लाँग आयलंडवरचं लेव्हिटाउन त्यांतलं सर्वांत प्रसिद्ध. पुरुषांनी सकाळच्या गाडीनं शहरात जायचं आणि बायकांनी दिवसभर त्या सुट्या घरात राहायचं. आई चौथ्या दिवशी खिडकीशी उभी राहून म्हणाली, "इथं मेलं कुणाकडे विरजण मागायला जायचं म्हटलं तर गाडी काढावी लागेल."

अशा गावांतून जेवायला बाहेर जायचं म्हणजे बहुतेक वेळा हमरस्त्यावरच्या मोठ्या साखळी हॉटेलांत. एकच पाटी, एकच चव, न्यू जर्सीत खा नाहीतर टेक्ससमध्ये खा. नाहीतर आपली माणसं एडिसनच्या ओक ट्री रोडवर जाऊन डोसा, वडापाव खाऊन येतात. पण भावजय म्हणाली, "आईंचा पासष्टावा वाढदिवस आहे. आपण त्यांना गावातल्या छोट्या हॉटेलात नेऊ या. तिथं एक बाई स्वतः स्वयंपाक करते आणि हॉटेलही तिचंच आहे."

आई लगेच म्हणाली, "म्हणजे खानावळच की!"

भाऊ हसला. मी मात्र हसले नाही. 'खानावळ' हा शब्द आईच्या तोंडून आला की माझ्या पोटात अजूनही काहीतरी हलतं. का, ते आता सांगते.

१९९६ साली आमचे वडील गेले. मी नऊ वर्षांची, भाऊ सहा. आम्ही सांगलीला विश्रामबागेत राहत होतो. जवळच इंजिनियरिंगचं कॉलेज. तेराव्यानंतर महिन्याभरात आईनं शेजारच्या खोल्यांतल्या चार मुलांना जेवायला घालायला सुरुवात केली. चाराची दहा झाली, दहाची चाळीस. महिन्याचे साडेचारशे रुपये, दोन वेळचं जेवण, रविवारी संध्याकाळी सुट्टी. आई पहाटे चारला उठायची. कणकेची परात एवढी मोठी, की भाऊ लहानपणी तीत बसून खेळायचा. पाटी अशी नव्हतीच. मुलं 'काकूंची मेस' म्हणायची, तेच नाव.

पंधरा वर्षं त्या मेसवर आमची शिक्षणं झाली. मी बी. ए. झाले, भाऊ इंजिनियर झाला. आणि मैत्रिणींनो, त्या पंधरा वर्षांत मला त्या मेसची मनापासून लाज वाटली. शाळेच्या फॉर्मवर आईचा व्यवसाय या रकान्यात मी 'गृहिणी' लिहायची. मैत्रिणींना घरी बोलवायची नाही, कारण ओसरीवर बनियनवरची मुलं पंगत धरून बसलेली असत. आणि कळस झाला तो २०१० साली. मला बघायला मंडळी आली होती. आई आत पोहे परतत होती. तिकडच्या एका आत्याबाईंनी विचारलं, "आई काय करतात?" मी पटकन म्हणाले, "काही नाही, घरीच असते."

आत झारा कढईवर क्षणभर थांबलेला मी ऐकला. नंतर पुन्हा सुरू झाला. आईनं त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. मीही नाही. पंधरा वर्षं!

असो. तर आम्ही त्या हॉटेलात गेलो.

हॉटेल कसलं, रेल्वे स्टेशनजवळच्या जुन्या लाकडी घराचा खालचा मजला. दोन खोल्यांची मधली भिंत पाडून बारा-तेरा टेबलं मांडलेली. गालिचे नाहीत, झुंबरं नाहीत. मागच्या बाजूला स्वयंपाकघर आणि मध्ये एक रुंद खिडकी, त्यातून आत काम करणारी माणसं दिसत होती. आईनं नेमकी त्या खिडकीसमोरची खुर्ची धरली. बुधवार ते रविवार, फक्त रात्रीचं जेवण. आधी फोन करून जागा राखून ठेवावी लागते. भावजयीनं फोनवरच सांगून ठेवलं होतं, की दोन पाहुण्या शाकाहारी आहेत, अंडंही चालत नाही. तिकडून उलट विचारणा झाली, की कुणाला एखादा पदार्थ बाधतो का? आई म्हणाली, "हे मात्र शहाणपणाचं. आपल्याकडे पानात पडल्यावर कळतं."

भावानं येताना पिशवीत द्राक्षरसाची बाटली घरूनच आणली होती. मला वाटलं, हॉटेलात आपली बाटली नेणं म्हणजे केवढा चोरटेपणा! पण शेजारच्या टेबलांवरही तेच. लोक खुशाल घरून वाइन घेऊन आलेले. भाऊ म्हणाला, "न्यू जर्सीचा कायदाच तसा आहे. गावाच्या साधारण तीन हजार वस्तीमागे हॉटेलांना दारूचा एक परवाना मिळतो. जुना परवाना विकत घ्यायचा तर लाखो डॉलर मोजावे लागतात. छोट्या मालकांना ते कुठून परवडणार? म्हणून ते म्हणतात, जेवण आमचं, बाटली तुमची." अमेरिकेतही परवान्यापायी माणूस कसा अडतो, हे ऐकून मला उगीचच बरं वाटलं.

मेनूकार्ड म्हणजे एक साधा छापील कागद. वर त्या दिवसाची तारीख. सगळे मिळून पंधरा पदार्थसुद्धा नाहीत. पण भाजी कुठल्या शेतातली, मासा कुठल्या बंदरातला, हे लिहिलेलं. आईनं विचारलं, "रोज निराळं करतात?" भावजय म्हणाली, "बाजारात जे येतं त्याप्रमाणे." आई म्हणाली, "मग दुसरं काय करणार? आम्ही काय श्रावणात मटार आणत होतो?"

या पद्धतीच्या जेवणाला तिकडे 'नवं अमेरिकन' म्हणतात. मला त्यात कुतूहल वाटलं, म्हणून पुढच्या आठवड्यात गावातल्या सार्वजनिक वाचनालयात बसून थोडं वाचलं. कितीतरी वर्षं अमेरिकेत प्रतिष्ठेचं जेवण म्हणजे फ्रेंच जेवण, मेनूसुद्धा फ्रेंचमध्ये छापलेला. आपल्या मातीतलं अन्न लोकांना पाहुण्यांपुढे ठेवायला कमीपणाचं वाटे. जेम्स बिअर्ड नावाचे एक गृहस्थ आपल्या पुस्तकांतून सांगत राहिले, की आपल्याकडेही चांगलं खाणं आहे. १९७१ साली कॅलिफोर्नियात बर्कली इथं अ‍ॅलिस वॉटर्स या बाईंनी एका जुन्या घरात 'शे पनीस' नावाचं हॉटेल काढलं. नाव फ्रेंच, पण हळूहळू त्यांनी जवळपासच्या शेतकऱ्यांकडून येईल तो ताजा माल, त्याच ऋतूतला, असा नेमच करून टाकला. त्याचं लोण देशभर पसरलं आणि आता उपनगरातल्या अशा लहान हॉटेलांपर्यंत पोचलं आहे. एवढा मोठा श्रीमंत देश, पण स्वतःच्या घरच्या अन्नाची लाज त्यालाही वाटत होती, हे वाचून मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसतीच बसून राहिले.

आता पानात काय आलं ते सांगते. आधी जाड सालीचा, किंचित आंबूस पाव आणि लोणी. मग ताज्या मटारचं गार सूप, वर पुदिना. आईनं दोन चमचे घेऊन सांगितलं, "मटार उकडून लगेच बर्फाच्या पाण्यात टाकलाय, म्हणून रंग राहिलाय." मग अ‍ॅस्परागस आलं. हे आपल्या शतावरीच्या जातीतले कोंब. तिकडे वसंत ऋतूत सहा-सात आठवडेच स्थानिक मिळतात. निखाऱ्यावर भाजून वर लिंबाचं साल किसलेलं. खाऊन पाहिलं तर कोवळ्या शेवग्याच्या शेंगेची आठवण झाली, फक्त चोथा टाकावा लागत नाही.

आणि मग मुख्य पदार्थ. आमच्या दोघींसाठी रानातल्या अळंब्या आणि खाली पांढरट, मऊ, वाफाळलेलं असं काहीतरी. भावानं सांगितलं, "याला ग्रिट्स म्हणतात. अमेरिकेच्या दक्षिणेकडचं जुनं खाणं. मूळ तिथल्या आदिवासींचं."

आईनं चमचाभर तोंडात घातलं. डोळे मिटले. मला वाटलं, आता काहीतरी नाव ठेवणार. ती म्हणाली, "कण्या! अगं, या मक्याच्या कण्या आहेत!"

खरंच कण्याच होत्या. जात्यावर भरड काढून ताकात शिजवतात त्याच. इथं दूध आणि लोणी, एवढाच काय तो फरक. आई एकदम १९७२ च्या दुष्काळात गेली. तेव्हा ती बारा वर्षांची. "रेशनवर लाल ज्वारी मिळायची, मिलो म्हणायचे तिला. अमेरिकेतून यायची. तिच्या भाकरी थापल्या की मोडायच्या, म्हणून आई कण्या करायची. आम्ही रडायचो, नको म्हणून. बाळ, केवढ्याला आहेत रे या?"

भाऊ गप्प. मी कार्डावर बोट ठेवलं. सत्तावीस डॉलर. आईनं मनातल्या मनात रुपये केले, आणि मैत्रिणींनो, तुम्हांला खोटं वाटेल, पण तिनं नाव ठेवलं नाही. "शिजवल्यात मात्र निगुतीनं," म्हणाली. "गाठ नाही एक. तासभर ढवळत उभं राहिलं असणार कुणीतरी." आणि ताटली पुसून खाल्ली.

शेवटी स्ट्रॉबेरी आली. आमच्या महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीपेक्षा लहान, पण आतपर्यंत लाल. बिनअंड्याच्या खुसखुशीत बिस्किटावर फेटलेली साय आणि त्या स्ट्रॉबेरी. बिस्किटात लहानशी मेणबत्ती लावलेली. आई म्हणाली, "फुंकायची नाही हं, दिवा विझवू नये." मग आम्ही तशीच बाजूला काढून ठेवली आणि ती आपली आपण विझली.

वाढणारी मुलगी कॉलेजात शिकणारी होती. भावानं तिला सहज सांगितलं, "माझ्या आईनं पंधरा वर्षं रोज चाळीस माणसांचा स्वयंपाक केलाय." मला झालं कोण लाजल्यासारखं! कशाला सांगायचं, असं मी टेबलाखालून त्याला पायानं खुणावलं. अडतीस वर्षांची बाई मी, शाळेत मुलांना श्रमप्रतिष्ठेवर निबंध घालते, आणि सातासमुद्रापार कुणा अनोळखी मुलीला कळलं म्हणून पाय मारते! माणसाची खोड अशी असते.

पाच मिनिटांत आतून ती मालकीणबाईच बाहेर आली. पंचेचाळिशीची असेल. केस फडक्यानं घट्ट बांधलेले, कमरेला एप्रन, आणि दोन्ही हातांवर मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचे जुने डाग. आईनं आधी ते डागच पाहिले. तिनं न बोलता आपला पदर मागे सारला आणि आपला डावा हात पुढे केला. तिथंही तसाच एक लांब डाग आहे, भातुकलीच्या नव्हे, चाळीस माणसांच्या भाताच्या पातेल्याचा.

दोघी हसल्या. मग भाऊ मध्ये दुभाषी आणि आईचे प्रश्न सुरू.

"रोज किती पानं?" साठ, शनिवारी जास्त. "उरलेलं काय करता?" उरू देतच नाही, म्हणूनच कार्ड लहान. "भांडी कोण घासतं?" त्या बाईनं खिडकीतून आत बोट दाखवलं. एक मध्यमवयीन गृहस्थ वाफेत उभे राहून ताटल्या विसळत होते. "ते आले नाहीत, तर त्या दिवशी हॉटेल बंद," ती म्हणाली. आई उठून खिडकीशी गेली आणि त्यांना हात जोडून नमस्कार केला. ते बावरले, मग त्यांनीही ओले हात जोडले. आमच्याकडेही महिन्याचे पैसे आले की पहिले भांडीवाल्या सखूमावशींचे निघायचे, मग वाण्याचे, मग आमची फी.

मग आईनं जो प्रश्न विचारला, तो भाऊ भाषांतरच करीना. "विचार की रे! घर तिच्या नावावर आहे का?"

"आई, असं विचारत नाहीत इथं."

"बायका बायकांना विचारतात. तू नुसतं इंग्रजीत सांग."

बिचाऱ्यानं अंग चोरून विचारलं. ती बाई मोठ्यानं हसली. म्हणाली, चौदा वर्षं दुसऱ्यांच्या हॉटेलांत काम केलं. मग हे घर भाड्यानं घेतलं. पाच वर्षांनी मालक विकायला निघाला, तेव्हा बँकेचं कर्ज काढून तिनंच घेतलं. आता अर्धं तिचं, अर्धं बँकेचं.

आई म्हणाली, "बँकेचं असू दे. बँक घराबाहेर काढताना निदान कागद तरी दाखवते."

भावानं याचं भाषांतर केलं नाही. त्याला जमलं नाही.

मैत्रिणींनो, त्या वाक्यामागची गोष्ट अशी. विश्रामबागेतलं आमचं घर वडिलांनी आणि काकांनी मिळून बांधलेलं. कागद मात्र एकट्या काकांच्या नावावर. "घरातल्या घरात कागद कशाला?" असं वडील म्हणायचे. पंधरा वर्षं आईनं त्या घराची घरपट्टी भरली, कौलं बदलली, मोरी बांधून घेतली, सगळं मेसच्या पैशातून. २०११ साली काकांनी घर विकलं. आम्हांला पंधरा दिवस दिले. पावसाळ्याचे दिवस होते. चाळीस मुलांना आईनं एकेक करून दुसऱ्या मेस शोधून दिल्या आणि परात भंगारात न घालता माझ्याकडे पाठवली. ती अजून माझ्या माळ्यावर आहे. मेस पुन्हा उभी राहिली नाही. नव्या जागेला अनामत लागते, आणि आईच्या नावावर तारण ठेवायला एक वीटसुद्धा नव्हती.

निघताना त्या मालकीणबाईनं मला विचारलं, "तुमच्या आईच्या हॉटेलचं नाव काय होतं?"

या वेळी मी भावाकडे पाहिलं नाही. मीच सांगितलं, "काकूंची मेस." ती तसंच म्हणून बघू लागली, "काकूंची मेस," आणि तिला ते काही केल्या नीट जमेना. आई हसून हसून पुरेवाट झाली.

बिल १८६ डॉलर. वर सव्वासहा टक्क्यांहून जास्त विक्रीकर, त्यावर वाढणाऱ्या मुलीसाठी वीस टक्के. ही बक्षिशी तिकडे मनावर नसते. वाढणाऱ्यांना कायद्यानंच मूळ वेतन कमी, देशाच्या कायद्याप्रमाणे तर १९९१ सालापासून तासाला किमान २ डॉलर १३ सेंटच. न्यू जर्सीत त्याहून जास्त आहे, तरी भिस्त गिऱ्हाइकाच्या पैशावरच. सगळे मिळून २३६ डॉलर झाले. म्हणजे आपले वीस हजार. माझ्या दोन महिन्यांच्या तासिका! आईला आम्ही आकडा सांगितला नाही. तिनं विचारलाही नाही. पहिल्यांदाच.

गाडीपर्यंत जाताना भाऊ आणि भावजय पुढे होती. मी आईचा हात धरला होता. काळोखात बोलायला सोपं जातं. म्हणाले, "आई, बघायला आले होते तेव्हा मी म्हणाले होते ना, तू घरीच असतेस म्हणून..."

"ऐकलं होतं मी."

"मला फार..."

"त्यात खोटं काय होतं? घरीच तर होते मी. पंधरा वर्षं घराबाहेर पडायला वेळ होता का मला?" आणि चार पावलं गेल्यावर म्हणाली, "वाईट वाटलं होतं. नाही असं नाही. पण मला वाटलं, पोरीचं जमतंय, जमू दे."

एवढंच. पुढे गाडीत बसल्यावर ती मटारच्या रंगाबद्दल बोलत होती.

दुसऱ्या दिवशी तिनं बाजारातून अ‍ॅस्परागसची जुडी आणवली आणि मूगडाळ घालून, जिरं-लसणाच्या फोडणीची कोरडी भाजी केली. डाळ दोन तास भिजवायची, कोंबांचे बोटाएवढे तुकडे, झाकणावर पाणी ठेवून वाफ, खोबरं शेवटी. आपल्याकडे कोवळ्या गवारीची तशीच करून बघा. भाऊ म्हणाला, "ही त्या बाईला नेऊन द्यायला हवी." आई म्हणाली, "तिला कुठे वेळ आहे? पाय सुजलेले होते तिचे. तुमचं लक्ष नव्हतं."

आता तुम्ही म्हणाल, ही हकीकत आम्हांला का सांगितली? सांगते. आपल्यांतल्या कितीतरी जणी घरून डबे देतात, दिवाळीचं फराळ करतात, पापड-मसाले विकतात. २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याप्रमाणे घरगुती धंद्यालाही नोंदणी लागते. ती कुणाच्या नावावर आहे? पैसे कुणाच्या खात्यात जमा होतात? ज्या घरात चूल पेटते, त्याच्या कागदावर आपलं नाव आहे का? नवं घर फक्त बाईच्या नावावर घेतलं, तर महाराष्ट्रात २०२१ पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, हे मला स्वतःला परवापरवापर्यंत ठाऊक नव्हतं.

आणि दुसऱ्याला सांगून स्वतः कोरडी राहिले, असं होऊ नये म्हणून हेही सांगते. कराडचा आमचा फ्लॅट यजमानांच्या एकट्याच्या नावावर आहे. घ्यायच्या वेळी मीच म्हणाले होते, "घरातल्या घरात कशाला?" अगदी वडिलांचेच शब्द! परत आल्यावर एका रात्री मी विषय काढला. हे दुखावले. "माझ्यावर विश्वास नाही का?" म्हणाले. मी म्हणाले, "विश्वास आहे. वडिलांचाही काकांवर होता." त्यावर दोन दिवस घरात जेवढ्यास तेवढं बोलणं झालं. तिसऱ्या दिवशी हे आपणहून म्हणाले, "काय काय लागतं, विचारून तर ये."

विचारून आले. नुसतं सोसायटीच्या दाखल्यावर नाव घालून मालकी येत नाही. नोंदलेलं बक्षीसपत्र करावं लागतं, आणि घरावर कर्ज आहे म्हणून बँकेची संमतीही हवी. कागद जेवणाच्या टेबलावर, लोणच्याच्या बरणीखाली दाबून ठेवलेत. अजून सह्या झालेल्या नाहीत. पण कागद तिथंच आहेत, आणि आम्ही दोघंही रोज त्यांच्याकडे बघत जेवतो आहोत.

आई सध्या माझ्याकडेच आहे. परवा मुलीच्या शाळेचा फॉर्म आला. त्यात आजीबद्दल चार ओळी लिहायच्या होत्या. मुलगी विचारू लागली, "आजी काय करायची गं?" मी उत्तर द्यायच्या आत आई आतून ओरडली, "लिही, घरीच असायची!"

मी मुलीच्या हातातून पेन घेतलं आणि माळ्यावरची परात खाली काढून तिच्यासमोर ठेवली. म्हटलं, "आधी हिच्यात किती किलो कणीक मावते ते आजीला विचार. मग लिही."